जिनिंगच्या आवारातले घर

सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगा यवतमाळ जिल्ह्यातल्या बाजारगावांच्या वेशीवर उभ्या राहिल्या. यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा ही गावे वेगळी असली तरी जिनिंगची मांडणी सारखीच होती: कुंपण घातलेले मोठे आवार, लांबलचक पत्र्याची शेड, कापसाच्या गंजीसाठी मोकळी जागा, विहीर, पाण्याचा हौद आणि हंगामात फाटकाबाहेर बंड्यांची रांग. गाव वाढले आणि वेस पुढे सरकली. तेव्हाची गावाबाहेरची जागा आज उपनगर म्हणवते आणि अशा आवारांवर प्लॉट पडतात. घर घेणाऱ्याला त्यामुळे सपाट, रस्त्यालगतची, झाडे असलेली जागा मिळते. जागेचा जुना धंदा मात्र कागदात आणि मातीत तसाच उरलेला असतो.

जिनिंगा वेशीवर का आल्या, याचे उत्तर कापसातच आहे. वेचलेल्या शंभर किलो कापसात रुई जेमतेम एक तृतीयांश निघते, बाकी बहुतेक सरकी. एवढे ओझे दूर नेणे परवडत नाही, म्हणून कापूस पिकतो त्याच मुलखात तो रेचून, दाबून, गाठी बांधून पाठवायचा. 1901 च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या 10,545 होती. तेव्हाच्या वणी जिल्ह्याचे ते मुख्यालय होते, 1905 मध्ये यवतमाळ नावाचा जिल्हा झाला. त्या काळच्या संदर्भग्रंथांनी या गावाबद्दल नोंदवण्याजोग्या मानलेल्या मोजक्या गोष्टींत रेचाई-दाबणीचे कारखाने आहेत आणि 29 मैलांवरच्या धामणगाव स्टेशनाला जोडणारा रस्ता आहे. पुढे मूर्तिजापूरहून अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' आली. तिची वाफेची गाडी 1994 पर्यंत धावली, आता तो मार्ग बंद आहे. वस्तीपासून अंतर राखण्याचे दुसरे कारण आग. रुईला एक ठिणगी पुरते, म्हणून आवार मोकळे आणि हौद भरलेला ठेवावा लागे.

या जिनिंगा मुंबईच्या गिरणगावासारख्या 1982 च्या संपाने पडल्या नाहीत. त्या हंगामागून हंगाम, फारसा आवाज न होता थंडावल्या. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी कापूसखरेदी थांबली आणि जिनिंगवाले सरकारी कापूस रेचून देणारे कंत्राटदार झाले. काम हमखास मिळत होते, स्पर्धा नव्हती, मग रेचे बदलण्याची घाई कोणाला असणार? योजनेने शेतकऱ्याचे किती भले केले हा वाद जुना आहे, यंत्रांचे भले तिने केले नाही हे मात्र नक्की. 2000 साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान आणले. त्यातून उभ्या राहिलेल्या जिनिंगांना काँक्रीटचे आवार, कापूस ओढून नेणारी यंत्रणा आणि ट्रक फिरण्याएवढी जागा लागत होती. ती महामार्गांवर होती, शहरात नव्हती. तोवर जुन्या आवारांभोवती घरे आली होती आणि शेजाऱ्यांना रुईची धूळ नको होती. 2011 मध्ये शहराची लोकसंख्या 1,16,551 झाली. जुन्या मालकाला रेच्यांपेक्षा जमिनीतून जास्त पैसे दिसू लागले, तर त्यात नवल नाही.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी 1991 च्या विकास नियमावलीत वाटणीचे स्वतंत्र सूत्र होते. ते कसे वळवले गेले ही वेगळी कथा. तालुक्याच्या गावातल्या दोन-चार एकरांच्या जिनिंगसाठी तसले सूत्र कधी नव्हतेच, त्यामुळे इथे पाहणी खरेदीदारालाच करावी लागते. आणि विदर्भात तिची सुरुवात सातबाऱ्यापासून होईलच असे नाही. गावठाणालगतची बरीच जमीन नझुलाची, म्हणजे सरकारी मालकीची आणि पट्ट्याने दिलेली असते. तिचा दाखला आखीव पत्रिका. पट्टा कारखान्यासाठी दिलेला असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे घरे बांधणे हा शर्तभंग ठरतो. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल पट्ट्यांसाठी शासनाने 2024 मध्ये विशेष अभय योजना आणली, परंतु तिच्यातही पट्टा निवासी आहे का हा प्रश्न आधी येतो. म्हणून आखीव पत्रिकेवर धारणाधिकार, पट्ट्याची मुदत आणि प्रयोजन ही तीन गोष्टी पाहायच्या.

जमीन सातबाऱ्याची असली तर दलालाचे पहिले वाक्य ठरलेले असते: "एन.ए. आहे जी." ते बहुधा खरेही असते. जिनिंगची जमीन अकृषक असणारच. पण ती औद्योगिक प्रयोजनासाठी अकृषक असते, घरासाठी नव्हे. वापर बदलण्याची मंजुरी आणि मंजूर रेखांकन वेगळे लागते. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत औद्योगिक पट्ट्यात निवासी वापराची वाट आहे. बंद पडलेल्या उद्योगाच्या जमिनीसाठी मात्र कामगारांची देणी फिटल्याचा किंवा तशी तजवीज झाल्याचा कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागतो. जिनिंगचे बहुतेक मजूर हंगामी, कागदावर कमी आणि आवारात जास्त. त्यामुळे हा दाखला कोणी फारसा मागत नाही. मागायला हवा.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त बँकेचा बोजा आहे का, तेही पाहावे. जिनिंग हा उचल घेऊन चालणारा धंदा, त्यात इमारत-जमीन गहाण असणे नेहमीचे. संस्था सहकारी असून अवसायनात निघाली असेल, तर विक्री अवसायकाकडूनच व्हायला हवी. जुन्या संचालकाने करून दिलेले खरेदीखत तिथे उपयोगाचे नाही.

आणखी एक गफलत हद्दवाढीतून आली. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, भोसा या ग्रामपंचायती गेल्या दशकात यवतमाळ नगरपरिषदेत आल्या. तिथले जुने व्यवहार अनेकदा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर झालेले दिसतात. ही कर आकारणीची नोंदवही आहे. घराचा कर कोण भरतो एवढेच ती सांगते, जमीन कोणाची ते सांगत नाही. तलाठ्याकडचा 8-अ हा खातेउतारा निराळा, तरी नावातल्या साम्यामुळे एक दाखवून दुसऱ्याचे काम भागवले जाते. मंजुरीशिवाय पाडलेले गुंठ्यांचे तुकडे 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित होऊ शकतात. 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या तुकड्यांना ती सोय 2021 च्या दुरुस्तीने मिळाली. त्यानंतरच्या तुकड्याला या कायद्याचा आधार नाही. पाचशे चौरस मीटरवरच्या नव्या प्लॉट-प्रकल्पाला महारेराची नोंदणी 2017 पासून सक्तीची आहे, आणि तिचा क्रमांक संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीचा हिशेब वेगळा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते आणि वापर ठरवूनच देते. कारखान्याच्या भूखंडावर राहण्याचे घर होत नाही, मग शेड कितीही वर्षे बंद असो. वसाहतीबाहेर, पण तिच्या कुशीत घर घेणाऱ्याने रात्रीचे ट्रक आणि वाऱ्याची दिशा लक्षात घ्यावी.

कागद जुळले की माती पाहायची. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाच्या भिंतीला दोन-तीन वर्षांत तिरकी चीर जाते ती यामुळे. जिनिंगच्या आवारात या मातीवर मुरमाचा थर असतो आणि त्यामुळे जमीन घट्ट भासते, पण मुरूम किती खोल आहे हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. त्याहून मोठी जोखीम बुजवलेली विहीर आणि हौद. मलबा टाकून भरलेली विहीर वर्षानुवर्षे दबत राहते आणि रेखांकनात तिची खूण नसते. जुना मोजणी नकाशा किंवा आवारात काम केलेला एखादा म्हातारा हमाल, दोघांपैकी एक तरी गाठावा. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे, नाहीतर तळाशी फुगवटा असलेले अंडररीम पाइल घेणे, हा काळ्या मातीवरचा रुळलेला उपाय आहे. खर्च वाढतो, आणि तो प्लॉटच्या भावातून मागून घ्यावा.

राहायला गेल्यावरचा प्रश्न पाण्याचा. यवतमाळ उंचवट्यावर, सुमारे 1,476 फुटांवर वसले आहे. निळोणा आणि चापडोह ही धरणे शहराची तहान भागवतात. 2018 च्या उन्हाळ्यात ती आटली आणि शहराने टँकरमागे पळत दिवस काढले. त्यानंतर बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची योजना शहराच्या बोलण्यात कायमची आली. नव्या वस्तीतल्या नळाला पाणी किती दिवसांआड येते, हे दलालाला नव्हे, शेजारच्या घरात विचारावे, तेही मे महिन्यात. बेसॉल्ट खडकातली बोअर फटीला लागली तरच चालते, दहा फुटांवरच्या शेजाऱ्याला पाणी लागले म्हणून आपल्यालाही लागेल असे नाही.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून प्लॉटच्या जाहिरातींत 'रेल्वे येणार' हे शब्द आहेत. येणाऱ्या रेल्वेसाठी आजच जादा पैसे देणे हा सट्टा आहे, घरखरेदी नव्हे.

आणि लेआउटमधली मोकळी जागा पाहा. 0.4 हेक्टरवरच्या रेखांकनात किमान दहा टक्के क्षेत्र खुले ठेवावे लागते. जुन्या जिनिंगमधली कडुनिंबाची झाडे बहुधा याच तुकड्यात उरलेली असतात, आणि सगळे प्लॉट खपले की विक्रीला निघतो तोही हाच तुकडा. दलालाचा रंगीत नकाशा बाजूला ठेवून नगररचना कार्यालयाच्या शिक्क्याच्या नकाशावर आपल्या प्लॉटचा क्रमांक शोधा. तो सापडला नाही, किंवा हिरव्या पट्ट्यात सापडला, तर इसार देऊ नका.