फिक्सर किती पातळ करावा?

साताऱ्यात किंवा सांगलीत, मोरीचा दिवा मालवून घरीच कृष्णधवल रीळ धुणाऱ्या हौशी मंडळींची काटकसर बहुधा फिक्सरवर येऊन थांबते. कारण अमोनियम थायोसल्फेटाच्या द्रवरूप फिक्सरची बाटली, फिल्मसाठीचे एकास चार हे प्रमाण सोडून कागदाचे एकास नऊ हे प्रमाण धरले, तर दुप्पट पुरेल असा हिशेब सहज मांडला जातो. परंतु हर्शेलने १८१९ साली ज्याचा रजतक्षार विरघळविण्याचा गुण पाहिला, त्या थायोसल्फेटाचा पुरवठा तोकडा पडला, म्हणजे चांदीची अविद्राव्य संयुगे फिल्मच्या थरात राहून जातात आणि कालांतराने निगेटिव्हवर पिवळट-तपकिरी डाग उमटतात. तेव्हा ३०० मिलिलिटरच्या टाकीसाठी ६० मिलिलिटर फिक्सर व २४० मिलिलिटर पाणी हीच तजवीज मला रास्त वाटते.

मुदत घड्याळापेक्षा फिल्मलाच विचारावी. न धुतलेल्या रिळाच्या तोंडाचा तुकडा घेऊन त्यावर फिक्सरचा एक थेंब अर्धा मिनिट ठेवावा, मग सारा तुकडा बुडवावा. भोवतालचा दुधाळपणा ओसरून थेंबाची खूण दिसेनाशी होण्यास जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रीळ ठेवावे. जुन्या स्टुडिओंतला स्फटिकरूप हायपो, म्हणजे फिक्सरचा सोडियम थायोसल्फेट, विरघळताना उष्णता शोषतो व भांडे हाताला गार लागते, म्हणून साताऱ्याच्या हिवाळ्यात त्यासाठी कोमट पाणी घेणे बरे. ताज्या द्रावणाच्या तुलनेत तुकडा स्वच्छ होण्यास दुप्पट वेळ लागू लागला, की ते द्रावण बाद समजावे.