डोळे चांगले, तरी वाट का चुकते?

घरातील वृद्ध माणूस पायरीपाशी अडखळतो, पैसे काढण्याच्या स्लिपवर सहीची जागा शोधत राहतो, रोजच्या रस्त्यावर घर चुकतो. शिरूर काय किंवा दौंड काय, आपल्याकडे याची दोनच कारणे ठरलेली असतात : मोतीबिंदू किंवा म्हातारचळ. डोळ्यांची तपासणी प्रथम करावी, हे योग्यच. परंतु नजर ठीक निघाली, तर दोष मेंदूत असू शकतो.

डोळा केवळ प्रकाश टिपतो. पाहण्याचे खरे काम मेंदू करतो. डोळ्यांचा संदेश मेंदूच्या मागील भागात पोहोचतो. तेथून एक मार्ग 'ही वस्तू कोणती' हे ओळखतो, तर दुसरा 'ती कोठे आहे' हे सांगतो. ठिकाणांचा नकाशा जपणाऱ्या पेशी आणखी आत असतात. त्यांच्या शोधाबद्दल जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात हा नकाशाचा भाग बहुधा लवकर झिजतो. पुढे पाहण्याचे मार्गही बिघडतात. मग काळे पायपुसणे खड्डा वाटते, पांढऱ्या ताटातील भात दिसत नाही, आरशातील स्वतःचेच रूप परके भासते.

हा आजार शिक्षण पाहून येत नाही. 'अस्तु' या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले विद्वान शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात अधिक आहे.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र थायरॉईडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विसराळूपणा येतो व त्यावर उपचार होतात. म्हणून डॉक्टरांना दाखवावेच. घरात पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा, जेवणास रंगीत ताट द्यावे, रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवावा, आरसा झाकावा. खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी असावी. दौंड जंक्शनवर चुकून गाडीत बसलेला माणूस कोठच्या कोठे जातो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे.

या गोष्टींना फार पैसा लागत नाही. 'समोर आहे, दिसत नाही का?' असे आपण त्यांच्यावर ओरडतो. त्यांना खरोखरच दिसत नसते. तेव्हा ओरडण्याऐवजी हात धरून ती वस्तू त्यांच्या हाती द्यावी.