माळ्यावरच्या संगणकाला कामाला लावा!

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून काय काय खाली येते! फुटका आकाशकंदील, मुलांची जुनी दप्तरे, कुणी न वापरलेला पितळी बंब आणि अलीकडे बहुतेक घरांतून हटकून एक जुना संगणक. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि 'विंडोज ११' जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांना दारातही उभे करीत नाही. त्यामुळे अंगाने धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. भंगारवाला त्यांचे फार तर चारपाचशे रुपये देतो. मी म्हणते, देऊ नका. त्यावर लिनक्स घाला आणि त्याला घरचा सर्व्हर करा.

सर्व्हर म्हटले, की डोळ्यांपुढे थंडगार खोली आणि लुकलुकणारे दिवे उभे राहतात. पण सर्व्हर म्हणजे मुळात वाढपी. कोणी काही मागितले, की आणून देणारा. घरातल्या चार मोबाइलांचे फोटो एका जागी ठेवायचे, सूनबाईंनी मागितले तर त्यांना द्यायचे, नातवाने मागितले तर त्याला द्यायचे, एवढेच त्याचे काम. त्याला नवे कोरे यंत्र कशाला हवे?

लिनक्सची जन्मकथा थोडक्यात सांगते. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्येच 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा करून अशा प्रणालीला लागणारी पुष्कळशी अवजारे तयार करीत आणली होती. दोन्हींची गाठ पडली आणि संसार उभा राहिला. मिठाईच्या डब्याबरोबर तिची कृतीही हाती द्यावी, तसा हा प्रकार आहे. खा, वाटा, हवी तर साखर कमी करून पुन्हा करा. या प्रणालीची नाना घराणी आहेत. मी वापरते ते 'डेबियन'. इअन मरडॉक यांनी ते १९९३मध्ये सुरू केले आणि स्वतःचे व डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे नाव जोडून त्याचे बारसे केले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट, यंत्राचा प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे ना, ते पाहा. ऑगस्ट २०२५मध्ये आलेली 'डेबियन १३' ही आवृत्ती बत्तीस बिटांच्या यंत्रांवर नव्याने बसवता येत नाही. दुसरी गोष्ट, बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून पाहा. त्यात डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, पडदा सगळे तपासता येते. साडी नेसून पाहावी आणि मग विकत घ्यावी, तसेच हे.

विजेचाही हिशेब करावा. डबा-पडद्याचा जुना संगणक पन्नास वॉट खात असेल, तर चोवीस तासांत सव्वा युनिटाच्या आसपास, म्हणजे महिन्याला छत्तीस युनिटे होतात. जुना लॅपटॉप पंधरा वॉटांवर राहिला, तर महिन्याची अकरा युनिटेही होत नाहीत. शिवाय वीज गेली तर त्याची बॅटरी थोडा वेळ तग धरते. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती आधी काढून टाका. त्यात काटकसर नको. लॅपटॉपचे झाकण मिटले, की तो झोपी जातो आणि मग घरभर 'फोटो उघडत नाहीत' अशी ओरड होते. त्याला उपाय असा: 'लॉगइंड' नावाच्या सेवेच्या मांडणीच्या फायलीत 'हँडल लिड स्विच' या ओळीपुढे 'इग्नोअर' असे लिहावे. मग झाकण मिटून तो कपाटावर ठेवला तरी बापडा काम करीत राहतो.

फोटो सगळ्यांना दिसावेत यासाठी 'सांबा' बसवा. विंडोजवाल्या यंत्रांना आणि मोबाइलांना लिनक्सच्या फायली त्याच्यामुळे पाहता येतात. (आपल्या इडलीच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस हे काम सुरू केले. पहिल्या नावावर दुसऱ्याच एका कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा त्यांनी संगणकातल्या शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि हा शब्द उचलला.)

याच ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरस यांच्याबरोबर १९९६मध्ये 'आरसिंक' लिहिले, आणि त्याविषयी मला जरा सविस्तर सांगायचे आहे. कारण घरचा सर्व्हर बिघडला तर दुसरा आणता येतो. आतले गेले तर कुठून आणणार?

आमच्याकडचीच गोष्ट घ्या. माझ्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत. चिरंजीवांनी २००९ साली त्यांना समोर बसवून त्रेचाळीस ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. सासूबाई २०१४मध्ये गेल्या. ओव्या तेवढ्या जुन्या संगणकात राहिल्या. ते यंत्र सर्व्हर करायला घेतले, तेव्हा मी आधी 'स्मार्टमाँटूल्स' या अवजाराने डिस्कची नाडी पाहिली. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणून एक आकडा असतो. वाचताना अडखळणाऱ्या जागा किती, ते तो सांगतो. तो शून्य असावा. आमचा आठ होता. आठवड्याने पाहिला तर चोवीस! दुरुस्तीच्या दुकानातल्या गृहस्थांनी ऐकून घेतले आणि सांगितले, "डिस्क पुसून परत भरू, आत्ता करून देतो." मी यंत्र उचलून घरी आणले.

अशा वेळी 'डीडीरेस्क्यू' हे अवजार वापरावे. ते आधी डिस्कचे निरोगी भाग भराभर उतरवून घेते, अडलेल्या जागा शेवटासाठी ठेवते आणि कुठवर आलो याची नोंदही ठेवते, म्हणजे मध्येच थांबले तरी पुन्हा पहिल्यापासून नको. उतरवायचे मात्र दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर. आमचे काम दीड दिवस चालले. बेचाळीस ओव्या सहीसलामत आल्या. एक मध्येच तुटते. पंढरीची वाट निम्मी होते आणि आवाज थांबतो. 'हे' ती फाइल पुसू देत नाहीत.

म्हणून आता आमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, म्हणजे पुण्याला धाकट्या जाऊबाईंच्या कपाटात. गणपतीला आणि दिवाळीला डिस्कांची अदलाबदल होते. फराळाच्या डब्यांबरोबर डिस्कही जाते.

प्रती करायला आरसिंकसारखा नोकर नाही. दोन्हीकडच्या फायलींचा आकार आणि तारीख तो ताडून पाहतो आणि बदललेल्या तेवढ्याच उचलतो. पण हा नोकर सांगितलेले अक्षरशः ऐकतो, म्हणून सांगताना जपावे. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ दिली तर तो आतला माल नेतो. रेघ नाही दिली तर फोल्डरसकट नेतो. एका रेघेने सगळी मांडणी बदलते. 'डिलीट' हा पर्याय दिला, तर मूळ जागी जे नाही ते तो प्रतीतूनही काढून टाकतो. नातवाने सोमवारी सहलीचे फोटो चुकून पुसले, की मंगळवारी ते प्रतीतूनही गेलेच म्हणून समजा. त्यासाठी आधी 'ड्राय रन' करून घ्यावा. त्यात तो काहीएक न करता, काय करणार आहे त्याची यादी वाचून दाखवतो. आणि जुन्या तारखांच्या प्रती राखायच्या असतील, तर आरसिंकवरच बेतलेले 'आरस्नॅपशॉट' वापरावे. न बदललेल्या फायली तो पुन्हा साठवीत नाही, त्यामुळे दररोजची प्रत ठेवूनही जागा बेताचीच लागते.

रात्री दोन वाजता हे काम आपोआप व्हावे म्हणून 'क्रॉन'ला सांगून ठेवता येते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांनी असेच सांगून ठेवले होते. त्याचे झाले असे: मोलकरणीने फडके मारताना बाहेरच्या डिस्कची वायर निघाली. डिस्क जिथे जोडली जाते, ते फोल्डर तर जागेवरच होते. आरसिंकने त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच छोट्या डिस्कवर, सारे फोटो ओतले. सकाळी डिस्क शिगोशीग भरलेली आणि यंत्र ढिम्म हलेना! दोष त्या बाईंचा मुळीच नाही. आज्ञेच्या आधी 'माउंटपॉइंट' ही छोटी आज्ञा लावली, की डिस्क खरोखरच जोडलेली असेल तरच पुढचे काम होते. एका शब्दाचा प्रश्न आहे. जागा कुठे गेली ते शोधायला 'एनसीडीयू' उत्तम. कोणत्या फोल्डरने किती खाल्ले, ते उतरत्या क्रमाने मांडून दाखवतो.

आणि प्रत झाली म्हणून निर्धास्त राहू नये. महिन्यातून एकदा एखादी फाइल प्रतीतून परत आणून उघडून पाहावी. आम्ही एखादी ओवी ऐकतो.

सुरक्षेचे थोडक्यात सांगते. दुसऱ्या खोलीतून सर्व्हरशी बोलायचे ते 'एसएसएच'ने. त्यासाठी किल्ल्यांची जोडी करावी. एक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, दुसरी आपल्याजवळ जपायची. ती चालते अशी खात्री झाली, की पासवर्डने आत येणे बंद करावे. हा बदल करताना चालू असलेली खिडकी मिटू नका. दुसरी खिडकी उघडून आत जाता येते का ते आधी पाहा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर कडी लागायची. राउटरला भोक पाडून सर्व्हर जगाला दाखवण्याची हौस तर करूच नये. बाहेरगावाहून फोटो पाहायचेच असतील, तर 'वायरगार्ड'चा बोगदा बरा. मार्च २०२०पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसाव्यात म्हणून 'अनअटेंडेड अपग्रेड्स' चालू ठेवावे.

मराठी लिहिण्यासाठी 'आयबस' आणि इन्स्क्रिप्ट कळफलक, पत्रे आणि हिशेबासाठी 'लिब्रेऑफिस', गाणी-चित्रपटांसाठी 'व्हीएलसी' घ्या. यांतले काहीच विकत आणावे लागत नाही आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

शेवटची वस्तू संगणकात नसते. शंभर पानी वही घ्या. सर्व्हरचा घरातला पत्ता, डिस्कांची नावे, कोणती प्रत कुठे आहे, ती परत कशी आणायची आणि यंत्र नीट बंद कसे करायचे, हे सारे त्यात साध्या मराठीत लिहा. पासवर्ड वेगळ्या लिफाफ्यात घालून दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. सूनबाईंनी आमची वही वाचून एक प्रश्न विचारला, "आई, यात पुण्याच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते लिहिलेलंच नाही." ते त्यांनी आपल्या हाताने लिहिले.