रमजान अलीकडे आला, फी मात्र जूनमध्येच

२०२५ च्या जूनमध्ये कोंढव्यातल्या एका छोट्या शिष्यवृत्ती ट्रस्टच्या बैठकीला बसले होते. बारावीच्या ५ मुलींची फी भरायची होती आणि खात्यात दोघींपुरतेच पैसे. जकात चांगली जमली होती; पण ती मार्चमध्ये, रमजानमध्ये. तोवर औषधपाणी, रेशन, कुणाचं थकलेलं घरभाडं यात ती संपली.

२०१६ साली रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता. पावतीपुस्तक आणि फी एकाच महिन्यात! हिजरी वर्ष १०-११ दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. ट्रस्टच्या हिशेबात मात्र कुणी धरलं नाही. निधी उभारणीचे सल्लागार हल्ली फी घेऊन आधी हेच विचारतात : पैसा कधी येतो आणि कधी लागतो?

सल्लागार जरूर घ्यावा, पण ठरावीक मेहनतान्यावर. जमलेल्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच सलाम करावा. अमेरिकेतल्या निधी उभारणाऱ्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीला मनाई आहे.

पुण्याला ही विद्या नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. महर्षी कर्वे वर्षानुवर्षे गावोगाव वर्गणीसाठी हिंडले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले, तेव्हा विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव मिळालं आणि पुढे १९३६ मध्ये मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेलं. मोठी देणगी वाईट नव्हे, पण ती अटींसह येते. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमसाठी मौलाना कासिम नानौतवींनी आठ तत्त्वं लिहिली. जहागीर किंवा श्रीमंताच्या वचनावर विसंबू नका, सामान्यांच्या चंद्यावर चालवा, असा त्यांचा रोख होता.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. इमारतीला, कारकुनाच्या पगाराला ती वापरण्यावर उलेमांचे मतभेद आहेत. म्हणून जकात आणि लिल्लाह यांची खाती वेगळी हवीत, पावत्याही वेगळ्या. एका डब्यात दोन्ही टाकणारे ट्रस्टी भले असतील. हिशेब मागितला की गडबडतात. जकात वर्ष भरण्याआधी, हप्त्यांनीही देता येते, असं बहुतेक उलेमा सांगतात. हे मात्र रमजानच्या अपिलात क्वचितच छापलेलं दिसतं.

त्या बैठकीत दोघींची फी भरली. उरलेल्या तिघींसाठी कॉलेजकडून मुदत मागून घेतली आणि ४० घरांची यादी केली : दरमहा १०० रुपये, लिल्लाह, ५ तारखेच्या आत. पहिल्या महिन्यात १९ घरांनी दिले. उरलेल्या २१ घरांकडे जुम्याच्या नमाजनंतर जायचं ठरलं, आणि पावतीपुस्तक माझ्या पर्समध्ये आलं.