अंगणातला पूल आणि सात-बाराची झेरॉक्स

वीकेंडला रिसॉर्टच्या निळ्या पाण्यात मस्तपैकी डुंबून आलं, की परतीच्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो. आपल्या घरीच छोटासा पूल असता तर? बहुतेकांचा किडा टोलनाक्यापर्यंत मरतो. माझा मेला नाही. कारण शहराच्या कडेला बाबांचं बैठं घर आहे, मागे जागा आहे आणि आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले होते. सगळ्यात जवळचा तलाव अकरा किलोमीटरवर, लेडीज बॅच दुपारी दोनला. तेव्हा चैन वगैरे नाही बॉस, गरज!

"साहेब, खड्डाच तर मारायचाय. परवानगी कसली त्याला?" कॉन्ट्रॅक्टरचं हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. ऐका आणि सोडून द्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ (सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात) 'विकास' या शब्दात जमिनीखालचं बांधकामही धरतो. म्हणजे भिंत वर गेली काय नि खाली गेली काय, कलम ४४ खाली अर्ज आलाच. तो न करता बांधलंत तर कलम ५२. दंड फक्त दोन ते पाच हजार! हसू आलं ना? पण त्याच कलमात एक महिना ते तीन वर्षं कैद आहे आणि पुढच्या ५३ मध्ये पाडून टाकण्याची नोटीस. नोटीस येणार मालकाच्या, म्हणजे बाबांच्या नावाने. सदतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस तो. "माझ्या नावावर असला कागद आला तर तुझ्यासकट बुजवीन खड्डा," म्हणाले. विषय संपला.

डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि आणखी काही भाग वगळता राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबईची वेगळी, डीसीपीआर २०३४. कुंपणापासून किती जागा मोकळी सोडायची, हे प्लॉटचा आकार आणि समोरचा रस्ता यांवर ठरतं, त्यामुळे मित्राच्या बंगल्यात चाललं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. आधी लायसन्स असलेला आर्किटेक्ट गाठा, टाइल्सचा रंग नंतर निवडा.

आमची खरी परीक्षा घेतली ती स्ट्रक्चरल इंजिनीअर मॅडमनी. पाण्याचा एक घनमीटर म्हणजे एक हजार किलो. सहा बाय तीन मीटरचा आणि १.२ मीटर खोल पूल म्हणजे २१,६०० लिटर, साडेएकवीस टनांहून जास्त. जमिनीत ठीक आहे, पण माझ्या ऑफिसातल्या एकाला टेरेस फ्लॅटवर जकुझी बसवायची होती. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ हे मानक चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा वापराचा भार धरतं. दोन फूट पाणी म्हणजे सहाशे! सोसायटीची एनओसी नंतर, आधी स्लॅबला विचारा.

मॅडमनी आमचा आठ मीटरचा पूल सहावर आणला. कारण शेजारच्यांची कंपाउंड वॉल. तिच्या पायालगत खोल खणलं की पहिल्या पावसात ती आत कलंडायची भीती. दुसरी गोष्ट तर मला ठाऊकच नव्हती. भूजल वर आलं की रिकामा पूल खालून होडीसारखा उचलला जातो. म्हणून पावसाळ्यात तो रिकामा ठेवायचा नाही.

शेजारच्या काकांना भिंतीपेक्षा पाण्याची चिंता. त्यांचं बरोबरच होतं. आमच्या गल्लीत मे महिन्यात टँकर येतात. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा निकष धरला, तर आमच्या पुलात आई-बाबांचं ऐंशी दिवसांचं पाणी जाणार. हा हिशेब ऐकून आईच म्हणाली, "राहू दे रे, चालते मी आपली." मग उलटा हिशेब मांडला. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. साधारण २२० मिलिमीटरमध्ये पूल भरतो, थोडं वाया जाईल ते धरून अडीचशे. मग ठरलं, की पहिलं भरणं पावसाचंच, वर झाकण आणि फिल्टर. बोअरला हात लावायचा नाही. हे काकांना कागदावर लिहून दिलं, तेव्हा त्यांनी चहा पाजला.

फाइलमध्ये काय? सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, घराचा जुना मंजूर नकाशा, कर भरल्याची पावती, पुलाचा उभा छेद, पंपाची जागा आणि सोडलेलं पाणी कुठे जाणार ते. जुना मंजूर नकाशा सापडायलाच आम्हाला दोन रविवार लागले, तो निघाला देवघराच्या कपाटात. अर्जाला साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, अर्थात बांधकाम नियमांत बसत असेल तरच. पण बारीक अक्षरं वाचा. त्यांनी शंका काढली, तर साठ दिवस तुमच्या उत्तरापासून पुन्हा सुरू. आमची एकच शंका निघाली, पंपाची खोली मोकळ्या जागेत येत होती. खोली सरकवली, नकाशा पुन्हा.

नोव्हेंबरात कागद हातात आला. तो वर्षभर चालतो, त्याआत काम सुरू करायचं, नाहीतर मुदतवाढ मागायची. डिसेंबरात खोदाई. बाबांनी कागद लॅमिनेट करून घेतलाय. आईने कॉश्च्यूम आणलाय, काळा, लांब बाह्यांचा, आणि रोज कॅलेंडरवर जूनचं पान उघडून बघते.