वहीशेजारी मावेल एवढा संगणक

उज्जैनच्या राम घाटावर गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थपुरोहित वही उघडतात आणि पणजोबांचं नाव शोधून देतात. अशा वह्यांची पानं स्कॅन करून जपायची, तर घाटालगतच्या अरुंद खोलीत जुन्या पीसीचा मोठा डबा हवा कशाला? मिनी पीसी घ्या. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही.

मिनी पीसीत बहुधा लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो. जुन्या डेस्कटॉपचा ६५ वॉटच्या घरातला, हा साधारण १५ ते २८ चा. वीज वाचते; पण तळहाताएवढ्या डबीतली उष्णता एकटा चिमुकला पंखा बाहेर टाकतो. उज्जैनचा मे चाळीस अंश ओलांडतो, म्हणून डबीची हवेची जाळी भिंतीला टेकवू नका, धूळ ब्रशने झाडा.

खरी मेख रॅमची. काही मॉडेलांत ती बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. दुकानात झाकण उघडायला लावून स्लॉट डोळ्यांनी पाहा. आणि जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय ती भंगारात देऊ नका.