कोपीपर्यंत पोचणारा पखवाज

अंबाजोगाई तालुक्यातले आपेगाव पखवाजासाठी ओळखले जाते. पद्मश्री शंकरबापू आपेगावकर या गावचे. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तोच वारसा पुढे चालवला. पण बीड जिल्ह्यात पखवाज ऐकायला मैफलच गाठावी लागते असे नाही. गावात सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनात मृदंगाची थाप वेशीपर्यंत जाते. दत्तजयंतीच्या सुमारास सप्ताह असेल, तर मात्र ती ऐकायला गावातली कितीतरी माणसे गावात नसतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या महिन्यांत गावचे कीर्तन ऐकायचे ते फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोबाइलवर.

हल्ली थेट प्रक्षेपण करणे अवघड राहिलेले नाही. मंडपातल्या मिक्सरची वायर लॅपटॉपला लावली की कीर्तन यूट्यूबवर सुरू होते. पण फोनवर जे ऐकू येते त्यात टाळ कानात टोचतात, महाराजांचे शब्द त्यात बुडतात आणि पखवाज तर जवळजवळ नाहीसाच होतो. यात साऊंडवाल्याची चूक नाही. त्याने आवाज मंडपासाठी जुळवलेला असतो आणि मंडपात पखवाज मुळातच मोठा वाजतो, म्हणून त्याचा माइक त्याने उतरवून ठेवलेला असतो. फोनवर तोच उतरवलेला पखवाज जातो. त्यात फोनचा चिमुकला स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे स्वर नीट काढूच शकत नाही, आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती नेमका तो खर्ज मिळवण्यासाठी. उजव्या अंगाचे तसे नाही. शाईमुळे त्या पुडीतून सुरेल, एकमेकांच्या पटीत बसणारे स्वर निघतात, सी. व्ही. रामन यांनी आपल्या तालवाद्यांचा हा गुण १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडला होता. हे वरचे स्वर फोनमधून येऊ शकतात, फक्त त्यांना जागा करून द्यावी लागते.

म्हणजे एकाच कीर्तनाची दोन मिश्रणे हवीत, एक मंडपाचे आणि एक कोपीचे. दुसरे मिश्रण करायला दुसरा मिक्सर विकत घ्यायची गरज नाही. तो लॅपटॉपच्या आत, नुसत्या आज्ञांनी उभा करता येतो.

संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. एका सेकंदाला बहुधा ४८,००० आकडे. दोन आवाज मिसळायचे म्हणजे त्या-त्या क्षणाचे दोन आकडे बेरजेत घ्यायचे, बस. अडचण बेरजेच्या पेल्यात आहे. १६ बिटांच्या ध्वनीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. महाराजांचा आवाज त्या क्षणी २०,००० वर आणि पखवाज १८,००० वर असेल, तर बेरीज ३८,००० होते. पेल्यात मावत नाही ते कापले जाते आणि लाटेचा माथा सपाट होतो. आपण म्हणतो, आवाज फाटला. म्हणूनच आजची मिश्रण-व्यवस्था आतली बेरीज ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत करते. तिथे बेरीज कितीही वर गेली तरी कापली जात नाही, फक्त बाहेर पडताना ती खाली आणावी लागते.

लिनक्स या संगणक-प्रणालीवर हे काम आज पाइपवायर करते. १९९०च्या दशकात एका प्रोग्रॅमने ध्वनिकार्ड धरले की दुसऱ्याला बहुधा ‘व्यस्त’ असे उत्तर मिळे. २००४ साली लेनार्ट पोटरिंग यांनी पुढे पल्सऑडिओ म्हणून ओळखली गेलेली व्यवस्था सुरू केली आणि अनेक प्रोग्रॅम एकत्र वाजवणे सोपे झाले. विम टायमन्स यांचे पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरा ३४ मध्ये मुख्य ध्वनिव्यवस्था म्हणून आले. तेही फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवर चालणारे.

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली की संगणकाला जोडलेली सगळी ध्वनी-उपकरणे झाडासारखी दिसतात, प्रत्येकापुढे एक क्रमांक. मग ‘पीएसीटीएल’ या आज्ञेने ‘नल सिंक’ तयार करायचा. हे असे ध्वनी-उपकरण की ज्याला वायर नाही, स्पीकर नाही. त्यात आवाज ओतता येतो आणि त्याच्या ‘मॉनिटर’ टोकातून तो परत काढता येतो. प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅमला ते टोक माइकसारखेच दिसते. एक असे उपकरण महाराजांसाठी, एक पखवाजासाठी, एक टाळ-पेटीसाठी, आणि या तिघांना पोटात घेणारे चौथे. त्याला मी ‘दूरगाव’ असे नाव देईन. कोणाचे टोक कोणाला जोडायचे ते ‘पीडब्ल्यू-लिंक’ या आज्ञेने सांगायचे.

नावाचा आग्रह उगाच नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ही उपकरणे नव्याने तयार करावी लागतात आणि त्यांचे क्रमांक बदलतात, नाव मात्र तेच देता येते. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी लिहिलेली आज्ञा चौथ्या दिवशी चालायला हवी असेल, तर त्यात क्रमांक नको.

मिक्सर निवडतानाही पाहून घ्यावे. प्रत्येक माइक यूएसबीवर सुटा पाठवणारे मिक्सर मिळतात. साधे मिक्सर मात्र डावा आणि उजवा असे दोनच प्रवाह देतात. साध्यावरही निभावते: महाराजांना पूर्ण डावीकडे आणि वाद्यांना पूर्ण उजवीकडे ढकलायचे, मंडपाचे स्पीकर मोनो ठेवायचे, आणि लॅपटॉपमध्ये दोन वेगळे धागे हाती येतात.

टक्क्यांनी मात्र फसवणूक होते. या आज्ञांमध्ये ५० टक्के म्हणजे अर्धी लाट नव्हे. कानाची जाण लक्षात घेऊन तो आकडा घनाने मोजला जातो. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, म्हणजे सुमारे १८ डेसिबल कमी. टाळ ‘थोडे’ उतरवायचे म्हणून कोणी १०० वरून थेट ५० वर गेला, तर टाळकरी मंडप सोडून गेले असे वाटेल. पाच-पाच टक्क्यांनी सरकावे.

मंडपाचा आवाज मात्र लॅपटॉपमधून फिरवून स्पीकरला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पाइपवायर आकडे गठ्ठ्याने हाताळते. गठ्ठा बहुधा १,०२४ आकड्यांचा, म्हणजे २१ मिलिसेकंदांचा. चाळीस अंशांच्या उन्हात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५५ मीटर जातो. त्या हिशेबाने एका गठ्ठ्याचा उशीर म्हणजे गायक आणि स्पीकर यांच्यात साडेसात मीटर अंतर पडणे. आत येताना आणि बाहेर जाताना तो आणखी वाढतो. गठ्ठा २५६ आकड्यांचा केला तर उशीर पाच मिलिसेकंदांवर येतो, पण जुना लॅपटॉप तेवढ्या घाईत अडखळतो आणि आवाज तुटतो. कोपीत ऐकणाऱ्याला हा उशीर जाणवतही नाही. चाल धरून उभ्या असलेल्या गायनाचार्यांना तो असह्य होईल.

माउसने सरकवायच्या पट्ट्या असताना आज्ञा कशाला, असे कोणी विचारेल. सप्ताहाचा दिनक्रम पाहा: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, मग गाथा भजन, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, पुढे जागर. सात दिवस हाच क्रम, आठव्या दिवशी काला. पारायणाला वाचणाऱ्यांचे माइक हवेत, पखवाज बंद. हरिपाठाला टाळ खाली, आवाज वर. प्रत्येक कार्यक्रमाच्या आज्ञा एका छोट्या फाइलीत लिहून ठेवल्या की सात दिवस तेच मिश्रण अचूक मिळते, पट्ट्या कोणी हलवल्या याची चौकशी नको. ‘क्रॉन’ या वेळापत्रकाला त्या फाइली सोपवता येतात. मात्र क्रॉनला वापरकर्त्याचे ध्वनिसत्र आपोआप सापडत नाही, त्याच्या रनटाइम डिरेक्टरीचा पत्ता फाइलीत द्यावा लागतो. काकड्याला तर याचा वेगळाच उपयोग. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. तेव्हा मंडपाचे स्पीकर बंद ठेवून माइक फक्त ‘दूरगाव’कडे सोडता येतात.

आज्ञेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण वेगळाच आहे: ती दुरून देता येते. एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीतून नुसती अक्षरे जातात, त्यामुळे रेंज अगदी कमी असली तरी काम चालते. मोबाइल नेटवर्कवरचा लॅपटॉप बाहेरून थेट सापडत नाही म्हणून दोन्ही टोके खासगी व्हीपीएनने जोडून घ्यावी लागतात. पण एवढी सोय सप्ताहाआधी गावातल्या एखाद्या पोराने केली, की कोपीचे मिश्रण करणारा माणूस कोपीतच बसू शकतो. टोळीबरोबर गेलेला कॉलेजातला मुलगा फोनवर टर्मक्स हे आज्ञा देण्याचे अ‍ॅप उघडेल, पखवाजाला पाच टक्के वाढवेल आणि थांबेल. प्रक्षेपण काही सेकंद मागे चालते. चुलीपाशी फोन ठेवून बसलेल्या आजीकडे तो पाहत राहील, आणि तेवढ्या सेकंदांनी देवळातली थाप तिच्यापर्यंत येईल.